वसतिगृहात श्रद्धेवर मोकळी चर्चा: मंडळ कसं चालवायचं, मेस आणि परीक्षांचं काय करायचं?

वेताळटेकडी

पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाचं वसतिगृह, मुलं-मुली मिळून दोनशेच्या आसपास. वारकरी घरातली आहेत, जैन आहेत, मुस्लिम आहेत, बौद्ध आहेत, वसईकडचे ख्रिस्ती आहेत आणि काहीच न मानणारेही बरेच आहेत. यंदा विद्यार्थ्यांनीच एक चर्चा मंडळ काढायचं ठरवलंय. विषय श्रद्धा आणि कॉलेजातलं रोजचं जगणं. व्याख्यानं नाहीत, पाहुणे नाहीत, आपसात बोलायचं.

जाणकारांकडून चार गोष्टी हव्यात. बैठक कशी घ्यावी, कायद्याने काय चालतं, उपवास, रोजे, पर्युषण (जैनांचं व्रतपर्व) यांत मेस कशी सांभाळावी आणि परीक्षांच्या तारखांचं काय करावं. विनंती एकच, 'आमच्या वेळी' नको. कामाचं लिहा.

रेक्टरबाई

बैठकीपासून सुरू करते, कारण बहुतेक मंडळं पहिल्या दोन बैठकांतच मोडतात.

माणसं १० ते १४. त्यापेक्षा जास्त झाली की चौघे बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. नावं जास्त आली तर दोन गट करा. वेळ सव्वा तास, घड्याळ लावून. जागा रिकामी वर्गखोली, बाकं बाजूला सारून गोल बसायचं. टीव्ही हॉल नको, येणारे-जाणारे डोकावतात. ज्या खोलीत कुठल्याही देवाची वा महापुरुषाची मोठी तसबीर समोर असते तीही पहिल्या बैठकीला टाळा, काहींची जीभ तिथेच अडखळते.

दिवस निवडताना शुक्रवारची दुपार, रविवारची सकाळ आणि रमजानातली संध्याकाळ सोडा. बुधवार, पाच ते सव्वासहा, हे बऱ्याच ठिकाणी जमतं.

संयोजक दोन, वेगवेगळ्या घरांतले, आणि त्यातला एक न मानणारा असला तर उत्तम. प्राध्यापक खोलीत नकोत. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासमोर कोणी खरं बोलत नाही, मग ते कितीही चांगले असोत.

पहिली फेरी: प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही, 'पास' म्हणायची मुभा. दुसरी फेरी: फक्त समजून घेण्यासाठीचे प्रश्न, म्हणजे 'हे केव्हा करतात', 'घरात सगळे करतात का' असे. तिसरी: पंचवीस मिनिटं मोकळी. शेवटची दहा मिनिटं पुढच्या विषयासाठी.

प्रश्न कसा विचारता यावर अर्धं काम अवलंबून आहे. 'देव आहे का' हा प्रश्न ठेवलात तर वक्तृत्व स्पर्धा होते. 'घरी जे पाळलं जायचं त्यातलं इथे आल्यावर काय सुटलं आणि काय नव्याने लागलं' असं विचारलं की मानणारा, न मानणारा दोघांनाही सांगायला काहीतरी असतं.

बिघडतं कुठे? सर्वात आधी, गटात एकच मुस्लिम किंवा एकच ख्रिस्ती असला की जगभरातल्या प्रत्येक घटनेचा जबाब त्याच्याकडे मागितला जातो. नियम आधीच सांगा: प्रत्येकाने स्वतःच्या घराबद्दल बोलायचं, कोणीही कोणाचा प्रवक्ता नाही. दुसरं, 'शेवटी सगळे धर्म एकच सांगतात' असं कोणीतरी दहाव्या मिनिटाला म्हणतं आणि चर्चा संपते. संयोजकाने तिथे विचारायचं, 'मग वेगळं काय सांगतात?' तिसरं, मोबाईल. दाराशी टोपलीत ठेवायचे, बंद करून. वीस सेकंदांची क्लिप बाहेर गेली की बैठकीचा संदर्भ जातो आणि पोलीस ठाण्याचा रस्ता उरतो.

आवाज चढले तर 'थांबू या' म्हणण्याचा हक्क कोणालाही. मग एक मिनिट शांतता, प्रत्येकाने आपला मुद्दा चिठ्ठीवर लिहायचा, संयोजकाने चिठ्ठ्या नाव न घेता वाचायच्या. बऱ्याचदा चिठ्ठीवरचं वाक्य बोललेल्यापेक्षा निम्म्या तापमानाचं निघतं.

बैठकीची नोंद ठेवा, पण फक्त तारीख, विषय आणि संख्या. कोण काय म्हणालं ते लिहायचं नाही.

चिंचेचं_पान

वाचनखूण साठवली आहे. एक भर: पुस्तिका, पत्रकं, 'आमच्या सत्संगाला या', 'आमच्या संघटनेच्या शिबिराला या' हे बैठकीत पूर्ण बंद, सगळ्यांनाच. नाहीतर तिसऱ्या बैठकीला निम्मे लोक भरतीसाठी आलेले असतात.

कलम_अठ्ठावीस

कायद्याचं थोडक्यात.

घटनेच्या कलम २८(१) नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तुमचं कॉलेज अनुदानित आहे, तिथे २८(३) लागू होतं: सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर पालकांची संमती. अकरावी-बारावीची मुलं त्याच आवारात असतात, हे विसरू नका. अल्पसंख्याक संस्थांनाही २८(३) मधून सूट नाही.

चर्चा म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी शिकणं आणि धर्माचं शिक्षण देणं यांत फरक केला आहे. त्यामुळे परवानगीच्या अर्जात 'विविध श्रद्धा व विचार यांवर विद्यार्थ्यांची चर्चा' असं सरळ लिहा. प्राचार्यांकडून एका ओळीची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको.

प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहणाऱ्याला त्रास देता येत नाही. बिजो इमॅन्युएल खटला, १९८६, केरळमधल्या तीन मुलांचा. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, गात नसत. त्यांना शाळेतून काढणं न्यायालयाने चूक ठरवलं.

वेशभूषेबद्दल विचारणा होईलच. कर्नाटकातल्या हिजाब प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं परस्परविरुद्ध पडली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेलं. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बॅज वगैरेंवर घातलेल्या बंदीत मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये हस्तक्षेप नाकारला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅज यांपुरती त्या परिपत्रकाला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा चालणार नाही हेही त्याच आदेशात आहे. 'न्यायालयाने कायमचं ठरवून टाकलंय' असं दोन्ही बाजूंचे लोक सांगतील, दोघांनाही आदेश वाचायला सांगा.

क्लिप बाहेर जाण्याबद्दल बाई म्हणाल्या ते अगदी खरं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या भारतीय दंडसंहितेचं १५३अ (समाजांत तेढ पसरवणं) आता कलम १९६, जुनं २९५अ (मुद्दाम धर्माचा अपमान) आता २९९, धार्मिक भावना दुखावण्यासाठी उच्चारलेल्या शब्दांचं २९८ आता ३०२. हेतू सिद्ध करावा लागतो हे बरोबर, पण हेतूची चर्चा होईपर्यंत मुलाचं सेमिस्टर जातं.

भगरआमटी

आता मेस. इथे ढिसाळपणा झाला की चर्चा मंडळ कितीही गोड बोलो, उपाशी मूल चिडलेलं असतं.

'उपवासाचं जेवण' असा एकच शिक्का मारू नका. प्रत्येक उपवास सुटतो वेगळ्या वेळी, आणि नेमकं तिथेच मेसचं गणित चुकतं.

श्रावणी सोमवार त्याच संध्याकाळी सुटतो. म्हणजे दुपारी फराळ आणि रात्री पूर्ण जेवण, शक्यतो कांदा-लसूण नसलेलं, आणि नेहमीपेक्षा थोडं लवकर. एकादशी आणि महाशिवरात्र दुसऱ्या दिवशी सुटतात, म्हणजे दोन्ही वेळा फराळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पोह्यांच्या जागी वरण-भात-भाजी. संकष्टी चंद्रोदयानंतर सुटते. चंद्र कधी आठला उगवतो, कधी दहाला, आणि मेस साडेआठला बंद. त्या दिवशी नोंदणी केलेल्यांची ताटं झाकून, वरणभात गरम राहील अशा डब्यात काढून ठेवायची, किंवा एक आचारी उशिरापर्यंत थांबवायचा. महिन्यातून एकदाच आहे. नवरात्रात कोणी नऊ दिवस करतं, कोणी उठता-बसता म्हणजे पहिला आणि शेवटचा, कोणी एकभुक्त, म्हणजे एकवेळ जेवून, राहतं. तिघांची वेगवेगळी नोंद हवी.

साबुदाणा खिचडी ६० ताटांसाठी: साबुदाणा साडेचार किलो, दाण्याचं कूट पावणेदोन किलो, बटाटे अडीच किलो, हिरवी मिरची २०० ग्रॅम, तूप किंवा शेंगदाणा तेल ६०० ते ७०० ग्रॅम. साबुदाणा दोन-तीन पाण्यांत धुवायचा, पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत. मग साबुदाण्याच्या बरोबरीने पाणी ठेवून ५-६ तास भिजवायचा. दाणा बोटांत चेपून बघायचा, मध्ये टणक कणी नको. मोठ्या प्रमाणात होतो तो गोळा तीन कारणांनी: धुण्यात पिठी राहते, पाणी बरोबरीपेक्षा वर राहतं, किंवा आचारी साडेचार किलो एकाच कढईत लोटतो आणि झाकण घालून वाफ कोंडतो. दीड-दीड किलोचे तीन घाणे काढा, कूट भिजलेल्या साबुदाण्याला आधीच चोळून घ्या. नायलॉन साबुदाणा खिचडीला नको, तो चिवड्याचा.

उपवास मोडणाऱ्या छुप्या गोष्टी: भजी तळलेलं तेल (त्यात बेसन उतरलेलं असतं), हिंग (बाजारच्या खड्याच्या भुकटीत बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो), अंडाकरीचा झारा. फराळाला वेगळी कढई, वेगळा झारा, नवं तेल. कोथिंबीर आणि जिरं काही घरांत चालतं, काहींत नाही. कोथिंबीर वरून घालायची वाटी बाजूला ठेवली की वाद मिटतो. मीठ शेंदेलोण.

भगरीबद्दल मुद्दाम लिहितो. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्राच्या सुमारास राज्यात भगर किंवा भगरीचं पीठ खाऊन लोक दवाखान्यात गेल्याच्या बातम्या येत असतात. ओलसर जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते, तिचं विष शिजवून जात नाही. सुटी भगर आणि सुटं पीठ घेऊ नका. पाकीटबंद घ्या, तारीख बघा, पीठ लागेल तेवढंच दळून आणा. शेंगदाण्याचंही तेच, काळपट किंवा खवट दाणा निवडून टाका. एकाच दिवशी भगर, दाण्याची आमटी आणि खिचडी असा तिहेरी मारा केला की ज्यांना सवय नाही त्यांचं पोट आधीच बिघडलेलं असतं, मग दोष भगरीवर जातो. ताक आणि एक फळ ठेवा.

मिच्छामि

भगरआमटी, सुरेख प्रतिसाद. पण तुमच्या साठ ताटांतलं एकही ताट पर्युषणातल्या जैन मुलाला चालणार नाही. बटाटा!

मेसचालक हमखास इथे फसतात: 'उपवासाचं आहे, जैनांनाही चालेल.' नाही. कंदमुळं नकोत, म्हणजे बटाटा, रताळं, कांदा, लसूण, गाजर, बीट, मुळा, ओलं आलं. सुंठ चालते, हळद चालते. पर्युषणात बरेच जण हिरव्या पालेभाज्याही सोडतात, तेव्हा मूग, तूरडाळ, चणे, पापडाची भाजी, खाकरा यांवर भागतं. आणि सूर्यास्ताआधी जेवण. सप्टेंबरात पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेपाचला ताट तयार हवं. प्रॅक्टिकल सहाला सुटत असेल तर डबा देण्याची सोय करा, तो विद्यार्थी मधल्या सुट्टीत खाईल.

उपवास करणारे फक्त उकळलेलं पाणी पितात, तेही दिवसा. पाणी चांगलं तीन उकळ्या येईपर्यंत तापवून स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात निववायचं. श्वेतांबर परंपरेत त्याची मुदत पावसाळ्यात तीन प्रहर, म्हणजे नऊ तास. सकाळी सहाला उकळलेलं दुपारी तीनपर्यंत. नंतर ताजं. प्युरिफायरचं पाणी हा पर्याय नाही, ते कितीही शुद्ध असो. आयंबिल करणारा असेल तर दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ काहीच नको, एकदाच बसून उकडलेलं धान्य-कडधान्य. मेसला हे अवघड वाटतं, प्रत्यक्षात सगळ्यात सोपं आहे. फोडणी घालण्याआधीचं वरण आणि भात बाजूला काढला की झालं.

तारखांची गंमत बघा. श्वेतांबर मूर्तिपूजक पंथाची संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, साधारण गणेश चतुर्थीलाच येते, मूर्तिपूजा न करणाऱ्या स्थानकवासींची पंचमीला. दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपतं, म्हणजे गणपतीचे जवळजवळ सगळे दिवस. एका टेबलावर उकडीचे मोदक आणि शेजारी निर्जळी. दोन्ही टेबलांना आधीच माहीत असलं की कोणी कोणाला 'एक खा रे, काही होत नाही' म्हणत नाही.

शहापूर_जंक्शन

'एक खा रे, काही होत नाही' हे वाक्य नियमावलीत नावासकट बंद करावं. उपवासालाही आणि मटणाच्या रस्शालाही.

सहरीची_बत्ती

रमजानचं लिहितो. चांद्र वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला, २०२७ मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. प्रॅक्टिकल, सबमिशन, अंतर्गत परीक्षा सगळं त्यातच. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर.

पुण्यात या दिवसांत सहरी (रोज्याआधीचं पहाटेचं जेवण) साधारण साडेपाच-पावणेसहापर्यंत संपते आणि इफ्तार (रोजा सोडणं) साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान. नेमकी वेळ जवळच्या मशिदीच्या तक्त्यावरून घ्या, महिनाभर ती मिनिटा-मिनिटाने सरकते.

पहाटे आचारी नको असेल तर रात्रीच डबा. पोळ्या, सुकी भाजी किंवा उकडलेली अंडी, दही, दोन केळी, खजूर. डबा फ्रिजमध्येच ठेवायचा. गोंधळ इथे होतो: रात्री आठला भरलेला डबा खोलीत राहतो, पहाटे पाचला उघडतात, नऊ तास झालेले असतात. भात आणि अंडी तर अजिबात बाहेर नकोत. मजल्यावर फ्रिज नसेल तर सहरीला कोरडंच द्या: पोळी, शेंगदाणा चटणी, सातू, केळी, खजूर. गरम करायला कॉमन रूममध्ये एक मायक्रोवेव्ह. खोलीत इंडक्शन आणि किटली लावली की वायरिंग जातं आणि दंड होतो, तो वाद टाळता येतो.

पैशांचा हिशेब: रोजे ठेवणाऱ्याचं दुपारचं जेवण आणि सकाळचा नाश्ता वाचतो. तो 'कट' धरून त्याच पैशांत सहरीचा डबा आणि इफ्तारचं फळ बसतं, जादा पैसे घ्यायची गरज नाही. हे महिना सुरू होण्याआधी मेस समितीत लिहून घ्या.

फाटक. तरावीह ही रमजानातली जादा नमाज इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतर, असते, परतायला साडेनऊ-दहा होतात. फाटक साडेनऊचं असेल तर एका महिन्यासाठी अर्ध्या तासाची यादीवार सवलत मागा. यादी वॉर्डनकडे, वही सुरक्षारक्षकाकडे. मुलींच्या वसतिगृहात खोलीतच नमाज होते, तिथे फाटकापेक्षा एक रिकामी खोली आणि चटई हा प्रश्न असतो.

चार ते सात प्रॅक्टिकल असेल तर परीक्षकांना आधी लेखी सांगावं: इफ्तारला तीन मिनिटं, पाणी आणि खजूर, जागेवरच. नाकारलं जात नाही, विचारलंच जात नाही म्हणून अडतं. मधुमेह, मिरगी किंवा नियमित गोळ्या असतील तर रोजा ठेवण्याआधी डॉक्टर. आजाऱ्याला शरियतनेच सवलत दिली आहे, हे रूममेटलाही माहीत असावं. खूप घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच साखरपाणी, चर्चा नंतर.

बंदिशवाला

शुक्रवारच्या नमाजेसाठी वेगळं काही करावं लागत नाही. खुतबा (प्रवचन) आणि नमाज मिळून अर्धा-पाऊण तास. शुक्रवारची जेवणाची सुट्टी १ ते २ ठेवली आणि त्याला लागून प्रॅक्टिकल लावलं नाही की प्रश्न संपतो.

विवेकी_नाना

सगळं छान चाललंय, पण धाग्यात मानणाऱ्यांचीच सोय दिसते. न मानणाऱ्या मुलामुलींचं काय? वसतिगृहात वर्गणीची यादी नोटीस बोर्डावर लागते, ज्याने दिली नाही त्याचं नाव कोरं दिसतं. प्रयोगशाळेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, हजेरी लागते. सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हटलं की 'एवढा काय शहाणा' ऐकायला मिळतं. दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, २०१३ मध्ये त्यांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी वसतिगृहात परीक्षेआधी ताईत विकणारा येतोच. घटनेच्या ५१अ(ह) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला जागा आहे का?

वेताळटेकडी

नाना, रास्त आहे. वर्गणीचं करायला घेतो: यादी बंद, पेटी आणि क्रमांकाची पावती, कोणी किती दिले ते खजिनदारालाच ठाऊक. बाकीवर मंडळाचा एक पूर्ण विषय ठेवू.

कलम_अठ्ठावीस

नाना, हजेरी लावून पूजा हे २८(३) च्या विरुद्ध आहे, लेखी तक्रार करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने साधारण १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान नसेल तर त्यानंतर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील. तक्रारीत 'पूजा बंद करा' असं मागू नका, ती लढाई लांबते. 'हजेरी पूजेशी जोडू नये' एवढंच मागा, एका परिपत्रकात मिळतं.

गणपतीच्या आवाजाचंही सांगून टाकतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, राज्य सरकारने ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत दिलेली सूट सोडून. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शिक्षणसंस्थेभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित असेल तर ५० आणि ४०. मूर्ती दीड फुटाच्या आतली शाडूची, दीड किंवा पाच दिवस, विसर्जन बादलीत. आरती साडेसात ते आठ, टाळ आणि टाळ्यांवर. परीक्षा असलेला मजला वेगळा असेल तर मूर्ती त्या मजल्यावर नको.

कागलचा_पाहुणा

थोडं इतिहासाचं, अवांतर वाटलं तरी. ही भांडणं नवी नाहीत आणि महाराष्ट्रात त्यांना दोन वेगळी उत्तरं दिली गेली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगं काढायला मदत केली: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ज्याच्या त्याच्या चुलीमुळे मुलं निदान शहरात शिकायला आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात मात्र सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीला बसत. स्वतः भाऊराव जैन घरातले आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. दोघांपैकी कोण बरोबर हा मंडळासाठी चांगला विषय आहे, कारण 'वेगळी कढई' मागताना तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

निळी_पाटी

कागलचा पाहुणा, नेमकं बोललात. जेवणाच्या वेगळ्या टेबलाबद्दल मला हेच म्हणायचंय. ताट वेगळं असू द्या, टेबल वेगळं नको. भांडी वेगळी ठेवायची तर पदार्थाच्या नावाने ठेवा, 'फराळ', 'अंडी', 'जैन भाजी' अशा चिठ्ठ्या लावून. खाणाऱ्याच्या नावाने नाही. शाकाहाऱ्यांचं टेबल म्हणून सुरू झालेलं टेबल दोन महिन्यांत आडनावांचं टेबल होतं.

चर्चेतही श्रद्धेचा विषय निघाला की पंधराव्या मिनिटाला जात येतेच. ती टाळू नका, पण 'तुझं आडनाव काय' या वाटेने येऊ देऊ नका. बौद्ध मुलांना हमखास विचारलं जातं, 'बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, मग गणपतीत नाचता कसे?' १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या त्या प्रतिज्ञा हा गंभीर विषय आहे, कोणाला कोंडीत पकडायचं हत्यार नाही. कोणत्या घरात त्या कशा पाळल्या जातात हे विचारा, उत्तरं एकसारखी येणार नाहीत.

तारखा: ६ डिसेंबरला बरीच मुलं चैत्यभूमीला जातात, ५ च्या रात्रीच निघतात आणि ७ ला सकाळी परततात. त्या तिन्ही दिवशी तोंडी परीक्षा नको. १४ एप्रिलला सुट्टी असते, पण १५ ला सकाळी नऊचा पेपर असला तर सुट्टीचा उपयोग नाही. वैशाखी बुद्ध पौर्णिमाही परीक्षांच्या हंगामातच.

पालघर_लोकल

वसई-पालघरकडच्या मुलांसाठी: राखेचा बुधवार ते ईस्टर हा उपवासकाळ. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता, म्हणजे रमजान आणि हा काळ जवळपास एकाच दिवशी सुरू झाले. २०२७ मध्येही तो १० फेब्रुवारीला, पुन्हा तसंच. मेसने दोन्हींची बैठक एकत्र घ्यावी. शुक्रवारी मांस नाही, मासळी आणि अंडी चालतात, आणि कितीतरी मेसमध्ये नेमकं शुक्रवारीच चिकन असतं. ते बुधवारवर ढकललं की काम झालं, फक्त राखेच्या बुधवारी मांस नाही हे लक्षात ठेवा. त्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस असतो, 'काहीतरी लागलंय' म्हणून पुसायला जाऊ नका. २०२७ चा गुड फ्रायडे २६ मार्चला. सुट्टी असते, पण आदल्या गुरुवारची संध्याकाळही चर्चमध्ये जाते.

मिच्छामि

परीक्षांबाबत एक व्यवहार्य गोष्ट. विद्यापीठाची परीक्षा कॉलेजच्या हातात नसते, तिथे ताकद घालवू नका. अंतर्गत चाचण्या, प्रॅक्टिकल, तोंडी, सबमिशन या कॉलेजच्या हातात असतात. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात, वेळापत्रक छापायच्या आधी, परीक्षा विभागाला एक पानी तक्ता द्या: तारीख, काय आहे, कोणती वेळ अडते. ईदसारख्या चंद्रदर्शनावरच्या दिवसांना एक दिवस मागे-पुढे राखून ठेवा. प्रत्येक सणाला सुट्टी मागितली तर तक्ता कचऱ्यात जातो. 'या दिवशी सकाळची पाळी नको, दुपारची चालेल' असं लिहिलं तर बहुतेक वेळा मान्य होतं. सर्वांनी मिळून एकच अर्ज करा. सात समाजांचे सात अर्ज गेले की कारकून सातही बाजूला ठेवतो.

वेताळटेकडी

सर्वांना धन्यवाद. नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म तयार केलाय: नाव, खोली क्रमांक, धर्म, पंथ, कोणते उपवास, फोन. पहिले चार विषय असे: १) घरचं काय सुटलं, काय लागलं २) ताट आणि टेबल ३) धर्मांतर आणि आंतरधर्मीय लग्न ४) न मानणाऱ्यांची जागा. कसं वाटतंय?

रेक्टरबाई

फॉर्ममधला धर्म आणि पंथ हा रकाना आजच काढा. अशी यादी एकदा कोणाच्या तरी लॅपटॉपवर गेली की ती कुठे फिरेल सांगता येत नाही, आणि तुम्हाला तिची गरजही नाही. मेसला फक्त एवढं हवं: कोणत्या तारखा, काय चालत नाही, किती वाजता खाणार. मुलगा हिंदू असून रोजा ठेवणारा असेल किंवा मुस्लिम असून आषाढीला फराळ करणारा असेल, मेसच्या दृष्टीने तो एक डबा आहे. मेसची यादी आणि मंडळाची यादी वेगवेगळी ठेवा, एकाच फॉर्मवर नको. मंडळाला यायला नोंदणी कशाला? दारात बारा खुर्च्या मांडा.

तिसरा विषय पहिल्या सत्रात घेऊ नका. गटात कोणाचं तरी असं काही चालू असतं आणि बाकीच्यांना माहीत नसतं. तो पुढच्या सत्रात, गट जुना झाल्यावर. त्याच्या जागी नानांचा चौथा वर आणा.

वेताळटेकडी

रकाने काढले, मेसचा फॉर्म वेगळा केला. नाना, दुसऱ्या बुधवारी तुमचा विषय. खंडेनवमीच्या आधीच येतोय.

विवेकी_नाना

ठीक. प्रसादाला नाही कसं म्हणावं आणि ते ऐकणाऱ्याने काय करावं, दोन्ही बाजूंनी घ्या. आणि त्या दिवशी चहाबरोबर बटाट्याचे वेफर्स ठेवू नका, मिच्छामि वाचतायत. भाजलेले चणे ठेवा.

भगरआमटी

चणे एकादशीला चालत नाहीत, नाना. तो बुधवार कॅलेंडरात बघून घ्या. एकादशी आली तर केळी.